बेल्टचा एक दात: साताऱ्यातल्या एका झेनचं प्रकरण

सप्टेंबर २०२२ मधली संध्याकाळ. कासच्या फुलांचा हंगाम, त्यामुळे यवतेश्वरच्या घाटात पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग. गॅरेजचं शटर ओढायच्या बेतात होतो, तेवढ्यात गुरुजींची पांढरी मारुती झेन दारात येऊन थांबली. थांबली ती हँडब्रेकवर. ब्रेक जळल्याचा वास रस्त्यापलीकडच्या चहावाल्यापर्यंत गेला.

"पॅडल पार तळाला गेलं ओ," गुरुजी म्हणाले. त्यांचा हात अजून थरथरत होता. "शेवटच्या दोन वळणांना गाडी थांबंना. पुढं एसटी. दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला, म्हणून वाचलो." गाडीत शाळेतल्या दोन बाई आणि एक सर होते. तिघंही गप्प.

सगळ्यांना पाणी दिलं, चहा मागवला. चाकं हात लावण्याइतकी गार झाल्यावर गुरुजींनी दुसरी तक्रार सांगितली: गाडी चढाला हीट होते. म्हणून बॉनेट उघडलं. आत झेनचं इंजिन नव्हतंच. मारुतीच्याच मोठ्या एस्टीम गाडीचं तेराशे सीसीचं इंजिन बसवलेलं होतं.

वर्षाला तीन-चार पोरं तरी माझ्याकडे "झेनमध्ये तेराशे टाकून द्या" म्हणून येतात. त्यांना मी उभ्या-उभ्या जे सांगतो त्यापेक्षा हे एक प्रकरण जास्त सांगतं, म्हणून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहितोय. गुरुजींची परवानगी आहे. नाव घालू नका, एवढंच ते म्हणाले.

हे इंजिन तिथे बसतं कसं

कल्पना वेडगळ नाही, हे आधी सांगतो. मारुतीची झेन १९९३ साली आली, एस्टीम १९९४ साली. दोन्हींची इंजिनं सुझुकीच्या एकाच घराण्यातली, जी मालिकेतली. झेनचं जी१०बी: बोअर (सिलिंडरची रुंदी) ७२ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) ६१, चार सिलिंडर मिळून ९९३ सीसी. एस्टीमचं जी१३: बोअर ७४, स्ट्रोक ७५.५, मिळून १२९८ सीसी. बोअरमध्ये फक्त दोन मिलिमीटरचा फरक आहे, खरी वाढ स्ट्रोकमध्ये आहे. लांब स्ट्रोकचं इंजिन खालच्या आरपीएमला जास्त ओढतं, आणि घाटात माणसाला तेच हवं असतं.

कार्ब्युरेटरच्या झेनला सुमारे ५० हॉर्सपॉवर. १९९९ नंतरच्या एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल मारणाऱ्या) एस्टीमला ८५. झेनचं वजन साडेसातशे किलोच्या आसपास, एस्टीमपेक्षा बरंच कमी. घराणं एक असल्यामुळे माउंटिंगला फार कापाकापी लागत नाही आणि झेनचा गिअरबॉक्सही त्या इंजिनाला जुळतो. हलक्या गाडीत मोठं इंजिन, तेही जवळजवळ जागच्या जागी बसणारं. देशभर लोकांनी हा बदल केलाय तो यामुळेच. मलाही हे इंजिन मनापासून आवडतं. ॲल्युमिनियमचा ब्लॉक, सोळा व्हॉल्व्ह, वेळेवर ऑइल बदललं तर वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही.

तेव्हा 'बसतं का' हा प्रश्न सोपा आहे. बसल्यावर बाकीची गाडी त्याला पुरी पडते का, हा अवघड.

गुरुजींची डायरी

गाडी जून १९९८ ची, एमएच-११ पासिंग. गुरुजींनी नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत घेतलेली. ते कासच्या पलीकडे जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहेत, राहतात साताऱ्यात. म्हणजे रोज घाट, पावसाळ्यात धुक्यात आणि पावसात. गाडीच्या खणात एक डायरी असते. पेट्रोल किती भरलं, ऑइल कधी बदललं, कोणता पार्ट कितीला आणला, सगळं सुवाच्य अक्षरात. असा गाडीमालक मेकॅनिकला क्वचित भेटतो. पुढच्या नोंदी त्या डायरीतल्याच आहेत.

मार्च २०१९: टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा दातांचा पट्टा) बदलला. एप्रिल: गाडी चढाला जड वाटते, एसी लावला की जास्तच. जुलै: पेट्रोल जास्त लागते, दुसऱ्या गिअरमध्ये दम नाही. डिसेंबर: कॉम्प्रेशन घेतले, १४०, १३८, १४०, १४०, इंजिन गेले म्हणाले.

त्या गॅरेजवाल्याने दोन वाटा दाखवल्या. जुनं इंजिन बांधायचं तर बोअरिंग, पिस्टन, रिंगा धरून तीस-पस्तीस हजार. नाहीतर भंगारात निघालेल्या एस्टीमचं तेराशे, बसवून पंचेचाळीस हजार. "दहा हजारात पस्तीस घोडे जास्त," असं तो म्हणाल्याचं गुरुजींनी सांगितलं. जानेवारी २०२० मध्ये इंजिन बदललं.

डायरीचं हे पान मी पहिल्याच दिवशी वाचलं होतं. कॉम्प्रेशनचे, म्हणजे चार सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते त्याचे, ते चार आकडेही वाचले होते. तेव्हा मला त्यात काही दिसलं नाही. त्याकडे मी नंतर येतो.

काय सापडलं

दुसऱ्या दिवशी गाडी रॅम्पवर घेतली. ब्रेकसाठी घेतली होती, पण सगळ्यात आधी नजर गेली पेट्रोलच्या पाइपावर, आणि पोटात गोळा आला.

कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल पंप इंजिनावरच असतो, कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) चालतो, आणि दाब अगदी किरकोळ देतो. कार्ब्युरेटरची वाटी भरली की त्याचं काम संपलं. एमपीएफआय इंजिनात इंजेक्टरला पेट्रोलचा फवारा मारायचा असतो. त्याला टाकीतला विजेचा पंप लागतो आणि दाब असतो तीन बारच्या आसपास, म्हणजे कार्ब्युरेटरच्या कितीतरी पट. या गाडीत विजेचा पंप मागच्या सीटखाली बाहेरून लावला होता आणि तिथून पुढे जुनीच रबरी नळी, साध्या पट्टीच्या क्लिपा लावून. पंपाजवळच्या टोकाला रबर फुगलं होतं. बोटाने दाबलं तर भेगा दिसत होत्या. ही नळी एक्झॉस्टच्या वीतभर अंतरावरून जात होती. आदल्या दिवशी चार माणसं या गाडीत बसून घाट उतरली होती.

या एका नळीमुळे गाडी मी लगेच जाग्यावर ठेवून घेतली. गुरुजींना फोन करून सांगितलं, बिल काय व्हायचं ते होवो, ही गाडी आता अशी बाहेर जाणार नाही.

ब्रेकचं कोडं लवकर सुटलं, पण त्याची साखळी समजून घेण्यासारखी आहे. ब्रेक ऑइल चहासारखं काळं झालं होतं. डायरीत ते बदलल्याची शेवटची नोंद २०१६ ची. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता ओढून घेतं. डॉट ३ प्रकारचं कोरं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात पाणी मुरलं की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते. कासकडे पाऊस किती पडतो ते साताऱ्याच्या माणसाला सांगायला नको. कॅलिपर तापला, ऑइल उकळलं, वाफ झाली. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. पॅडल तळाला गेलं ते त्यामुळे.

पण इतके ब्रेक तापले का? गुरुजी नवशिके नाहीत, वीस वर्षं तोच घाट उतरतायत. खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "पहिल्या इंजिनला मी दुसऱ्यात उतरायचो. याला दुसऱ्यात टाकलं की इंजिन ओरडतं, आणि हे आधीच तापतं. म्हणून चौथ्यात उतरतो." म्हणजे इंजिन तापायची भीती, त्या भीतीने वरचा गिअर, वरच्या गिअरमुळे इंजिनचा ब्रेक नाही, आणि सगळा भार चाकातल्या पॅडवर. हीट होण्याची तक्रार आणि ब्रेकची तक्रार एकच होती.

आणि हीट का होत होती? रेडिएटर जुन्या झेनचाच, पातळ कोअरचा, अर्ध्या नळ्या क्षाराने बुजलेल्या. पंख्याची वायर आपोआप चालू होणाऱ्या स्विचला जोडलेलीच नव्हती. डॅशबोर्डखाली एक साधं बटण दिलं होतं, काटा चढला की गुरुजींनी ते दाबायचं. धुक्यात, समोरून गाड्या येत असताना, रस्त्यावरची नजर काढून!

वायरिंगबद्दल लिहायचं तर वेगळा लेख होईल. ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) ग्लोव्ह बॉक्सच्या मागे टेपने बांधलेला, सगळे जोड पीळ मारून टेप गुंडाळलेले, सोल्डर एकाही जोडाला नाही. अर्थची वायर रंगावरच बोल्ट मारून बसवलेली. कधी कधी गाडी मध्येच बंद पडते, ही तिसरी तक्रार याच वायरीची निघाली.

क्लच मात्र बरोबर होता. एस्टीमचीच प्रेशर प्लेट आणि क्लच प्लेट, तिच्याच फ्लायव्हीलसकट. माउंटिंगचं कामही नेटकं होतं. ज्याने इंजिन बसवलं त्याच्या हातात कसब होतं, हे मान्य केलं पाहिजे. इंजिन चालू झालं तिथे काम संपलं, असं त्याने धरलं. चूक तिथे आहे.

घाटाचं गणित

रेडिएटर किती मोठा लागेल हे काढण्यासाठी मी कागदावर गणित मांडलं. त्या गणिताने मला वेगळंच काही सांगितलं, म्हणून ते इथे देतो.

गाडी, चार माणसं, डबे-दप्तरं धरून १०५० किलो. चढ धरू १२ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर, हा चांगलाच चढ झाला. ताशी ४० किलोमीटर वेगाने हे वजन वर न्यायला साडेनऊ किलोवॅट लागतात, म्हणजे सुमारे १३ हॉर्सपॉवर. टायरचं घर्षण, हवा, गिअरबॉक्समधला तोटा धरून म्हणू १८. ताशी ६० ने चढायचं तर तोच हिशोब २७-२८ वर जातो. उंचीचा तोटाही धरू. साध्या इंजिनाची ताकद दर १०० मीटरला साधारण एक टक्का घटते आणि कास १२०० मीटरवर आहे, म्हणजे ५० मधून ६ वजा. तरी ४४ उरतात.

घाटात चाळीसने चढायला १८ पुरतात आणि जुन्या इंजिनाकडे ४४ होते.

मग २०१९ मध्ये ते इंजिन चढत का नव्हतं?

हा प्रश्न मी कागदाच्या खाली लिहिला आणि कामाच्या गडबडीत तसाच सोडून दिला. जुनं इंजिन माझ्यासमोर नव्हतं. समोर होती अर्धवट केलेली गाडी, ती सुरक्षित करायची होती.

उताराचं गणितही मांडलं. कासपासून साताऱ्यापर्यंत उंचीचा फरक सुमारे ५०० मीटर. १०५० किलोची गाडी तेवढी खाली येताना जी ऊर्जा सोडते ती ताशी ६० वरून गाडी ३५ वेळा पूर्ण थांबवण्याएवढी आहे. सगळा उतार सलग नाही, मध्ये सपाटी आहे, टायर आणि हवाही थोडं खातात. तरी इंजिनाला त्यातला वाटा उचलू दिला नाही तर तो सगळा पुढच्या दोन लहान डिस्कवर येतो. आणि मोठ्या इंजिनामुळे सरळ रस्त्यावर गाडी साठऐवजी ऐंशीने पळायला लागली, तर एकेका ब्रेकवरचा भार पावणेदोनपट होतो. वेग फक्त एक तृतीयांशाने वाढलेला असतो, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. इंजिनाला पस्तीस घोडे जास्त मिळाले तेव्हा ब्रेकला काय मिळालं, हा प्रश्न त्या गॅरेजात कोणी विचारला नव्हता.

आम्ही काय केलं

तीन आठवडे गाडी आमच्याकडे होती. एमपीएफआय झेनची पेट्रोल टाकी, आतल्या पंपासकट, पुण्याहून मागवली. पुढे येणारी आणि परत जाणारी अशा दोन्ही लाइन धातूच्या टाकल्या आणि जिथे रबर लागतं तिथे इंजेक्शनच्या दाबाची नळी. जाड कोअरचा रेडिएटर, पंखा थर्मोस्विचवर आणि रिलेवर. वायरिंग पूर्ण नवीन केलं. आमच्याकडचा वायरमन चार दिवस त्या एका गाडीत होता, प्रत्येक जोड सोल्डर करून त्यावर नळी चढवली. ब्रेकला नव्या डिस्क, पॅड, मागचे लायनर, सगळ्या रबरी नळ्या, डॉट ४ ऑइल. टायर मूळचे १४५ रुंदीचे होते, ते आहेत तसेच ठेवले पण नवे घातले. बिल सत्तावीस हजारांवर थांबवलं, मजुरी मी पूर्ण लावली नाही. ती नळी बघितल्यावर लावावीशी वाटली नाही.

ट्रायलला गुरुजींना घेऊन यवतेश्वरला गेलो. इथे मला खरं ते लिहिलं पाहिजे: गाडी अप्रतिम चालत होती. तिसऱ्या गिअरमध्ये वळण घेऊन बाहेर पडताना गाडी मागून कोणीतरी ढकलल्यासारखी निघायची. काटा मधल्या रेघेवरून हलला नाही. उतरताना दुसऱ्यात टाकायला लावलं, इंजिन ओरडू दे म्हटलं, त्याला काही होत नाही. खाली येऊन डिस्कजवळ हात नेला तर नुसती कोमट. गुरुजींच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद होता. पुढचे आठ महिने गाडीने एकदाही तक्रार केली नाही.

पासिंग

जून २०२३ मध्ये गाडीला पंचवीस वर्षं पूर्ण होणार होती. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी, म्हणजे २०१३, २०१८ आणि आता २०२३. मागच्या दोन्ही वेळा मूळ इंजिन होतं. आता आरसी बुकात जी१० पासून सुरू होणारा इंजिन नंबर आणि ९९३ सीसी, तर ब्लॉकवर कोरलेला नंबर जी१३ चा.

गुरुजी एप्रिलमध्येच विचारायला आले. मी त्यांना जे सांगितलं ते मला आधीच, सप्टेंबरमध्ये, ठळकपणे सांगायला हवं होतं. तेव्हा मी एवढंच म्हणालो होतो की कागदाचं बघावं लागेल. गाडी नीट करायच्या ओढीत मी त्या गोष्टीला पुरेसं वजन दिलं नाही.

कायदा असा आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा वेगळ्या इंधनासाठी मंजूर किट बसवायला वाट आहे. दिव्यांग व्यक्तीसाठी गाडी सोयीची करून घ्यायला वाट आहे. इंजिन बदललं तर १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची असते. पण ही वाट त्याच गाडीच्या त्याच जातीच्या इंजिनासाठी उपयोगाची, ९९३ च्या जागी १२९८ आणण्यासाठी नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हे आणखी स्पष्ट केलं: उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल केलेली गाडी नोंदवता येणार नाही. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीनंतर कलम १८२-अ असं सांगतं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विमा कंपनीलाही काही कळवलेलं नव्हतं. त्या सप्टेंबरात एसटीला धडक बसली असती तर कागदावर ती गाडी अस्तित्वातच नव्हती. या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

त्यात आणखी एक. इंजिन घेतल्याचं पक्कं बिल नव्हतं, नुसती कच्ची चिठ्ठी होती. ते ज्या एस्टीममधून निघालं तिचे कागद कुठे आहेत, ती गाडी रीतसर भंगारात गेली का, काही पुरावा नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर एकेका गाडीची तपासणी करून बदल मंजूर करायची सोय आपल्याकडे असायला हवी. जर्मनीत अशी गाडी अधिकृत तज्ज्ञाकडे नेता येते, तो ब्रेकपासून धुरापर्यंत सगळं तपासतो आणि पटलं तर कागदावर चढवतो. गुरुजींची गाडी आमच्या दुरुस्तीनंतर अशा तपासणीला मी छातीठोकपणे उभी केली असती. पण आधीच्या अवस्थेत तीच गाडी अडीच वर्षं घाटात फिरत होती आणि तिला अडवणारं कोणी नव्हतं, हेही माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्यामुळे कायद्यावर चिडायला मन धजत नाही.

"काहीतरी करून पास करून देतो" म्हणणारी माणसं गुरुजींना भेटली होती. ते म्हणाले, "वर्गात पोरांना नागरिकशास्त्र शिकवतो ओ मी. ते नको. जुनं इंजिन चालू होईल का तेवढं बघा."

गोठ्यातलं इंजिन

जुनं इंजिन जावळी तालुक्यात गुरुजींच्या गावी, थोरल्या भावाच्या गोठ्यात होतं. खताच्या पोत्यांनी झाकलेलं, कार्ब्युरेटर वेगळा पिशवीत बांधलेला. जुनी टाकी माळ्यावर. "न्या बाबा एकदाचं हे धूड," वहिनी म्हणाल्या, "म्हशीला वळायला जागा न्हाय." पिकअपमध्ये टाकून साताऱ्याला आणलं.

स्टँडवर चढवलं आणि उघडायच्या आधी सवयीने बाहेरून न्याहाळत गेलो. डिस्ट्रिब्युटरवर, म्हणजे स्पार्क प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागावर, नजर अडकली. या इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर हेडच्या टोकाला असतो आणि थेट कॅमशाफ्टवरून फिरतो. इग्निशनची वेळ कमी-जास्त करायला तो खाचेत थोडा फिरवता येतो. नीट लावलेल्या इंजिनात बोल्ट खाचेच्या मध्यावर कुठेतरी असतो. इथे तो पार टोकाला होता. म्हणजे कोणीतरी वेळ पुढे आणायला तो फिरवत नेला होता आणि खाच संपली म्हणून थांबला होता.

बेल्टचं कव्हर काढलं. पान्याने क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो खालचा दांडा) फिरवून खालची खूण जुळवली. वरच्या पुलीची खूण जिथे यायला हवी तिथे नव्हती. एक दात मागे होती.

मी परत फिरवलं. परत तेच. पोराला बोलावून त्याच्याकडून फिरवून घेतलं. एक दात.

तेव्हा ते चार आकडे आठवले. १४०, १३८, १४०, १४०. डायरी गाडीतच होती, पान काढून समोर ठेवलं. रिंगा गेल्या तर आकडे असे येत नाहीत. एखादा सिलिंडर १५० दाखवतो, दुसरा ११०, तिसरा १३०. झीज सहसा समान होत नाही. चारही सिलिंडर एकाच मापाने खाली आले तर कारण चौघांना सामाईक असतं, आणि चौघांना सामाईक असते ती कॅमशाफ्टची वेळ. कॅम मागे राहिला की इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो. पिस्टन वर निघालेला असतो आणि आत घेतलेली हवा थोडी परत बाहेर ढकलली जाते. कॉम्प्रेशन कमी. कमी आरपीएमला हा तोटा सगळ्यात जास्त जाणवतो, आणि दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढताना इंजिन नेमकं तिथेच असतं. कॅम मागे गेला तेव्हा त्यावर फिरणारा डिस्ट्रिब्युटरही मागे गेला. टायमिंग लाइट लावून कोणीतरी तो पुढे ओढला, इग्निशन बरोबर दिसायला लागलं, आणि खरं दुखणं त्याखाली झाकलं गेलं.

मार्च २०१९ ला बेल्ट बदलला, एप्रिलला गाडी जड वाटायला लागली. दोन्ही नोंदी एकाच पानावर, तीन ओळींच्या अंतराने. ज्याने बेल्ट टाकला त्याच्या लक्षात आलं नाही, ज्याने कॉम्प्रेशन घेतलं त्याच्या आलं नाही, आणि सप्टेंबरात ते पान वाचून, घाटाचं गणित मांडून, कागदाखाली प्रश्न लिहूनही माझ्या आलं नाही.

गुरुजींना फोनवर सांगायला जीभ रेटेना. गॅरेजवर बोलावलं, दोन्ही खुणा दाखवल्या. त्यांनी चष्मा वर करून जवळून बघितलं. "म्हणजे इंजिन चांगलं होतं?" मी हो म्हणालो. बराच वेळ ते पुलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पोरगं नापास होतं तेव्हा आम्ही पण असंच करतो कधीकधी. पोरगंच ढ म्हणून मोकळे होतो."

हेड तरीही उघडलं, तीन वर्षं गोठ्यात पडलं होतं. स्पार्क प्लग लावलेलेच होते, आत ऑइल होतं, त्यामुळे गंज वरवरचा. बोअर हद्दीत. व्हॉल्व्ह लॅप केले, सगळे ऑइल सील, हेड गॅस्केट, वॉटर पंप, नवा बेल्ट आणि टेन्शनर. बेल्ट मी स्वतः बसवला. पुणेरी टाकी काढून जुनी टाकी, जुना पंप, कार्ब्युरेटर ओव्हरहॉल करून. ब्रेक, रेडिएटर, थर्मोस्विच आणि नव्या वायरिंगमधला जेवढा भाग लागतो तेवढा ठेवला, तो आता मूळ इंजिनाच्या कामी येतो. एकोणीस हजार खर्च आला.

कॉम्प्रेशन घेतलं: १७५, १७२, १७५, १७४.

हिशोब गुरुजींनीच डायरीत मांडला. पंचेचाळीस, सत्तावीस आणि एकोणीस, एकूण ९१ हजार. मार्च २०१९ च्या नोंदीपुढे त्यांनी लाल शाईने एक फुली मारली आहे, दुसरं काही लिहिलं नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पासिंग झालं. साहेबांनी ब्लॉकवरचा नंबर पुसून बघितला, आरसीशी जुळवला, ब्रेक, दिवे, पीयूसी बघितलं. शाळा सुरू झाल्याच्या पहिल्या सोमवारी गुरुजी जाताना गॅरेजसमोर थांबले. गाडीत तिघं शिक्षक, डिकीत नव्या पुस्तकांचे गठ्ठे. संध्याकाळी फोन आला: दुसऱ्या गिअरमध्ये चाळीसने चढली, तिसरा टाकला तरी मरगळली नाही, येताना दुसऱ्यात उतरलो, ब्रेक गार.

तेराशेचं इंजिन आमच्याकडेच आहे. कागद नाहीत म्हणून ते कोणत्याही गाडीत जाणार नाही, गुरुजींनी ते मला देऊन टाकलं. पुढच्या बाजूचं कव्हर काढून स्टँडवर लावलंय. आयटीआयची पोरं शिकायला येतात तेव्हा पहिलं काम त्यावरच देतो: जुना बेल्ट काढायचा, खुणा जुळवून नवा टाकायचा, टेन्शनर सोडायचा, मग हाताने क्रँक पूर्ण दोन फेरे फिरवायचा आणि दोन्ही खुणा परत बघायच्या. दोन फेरे झाल्याशिवाय कव्हरला हात लावू देत नाही.